घरातला बायबल अभ्यास भरकटतो कुठे? तयारीपासून प्रार्थनेपर्यंतचा क्रम

सोलापुरात बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांचे (चर्चचे) घरोघरी बायबल अभ्यास चालतात. पण त्यातल्या कितीतरी ठिकाणी अभ्यास होतच नाही. कुठे एक जण पाऊण तास संदेश देतो आणि बाकीचे माना डोलावतात. कुठे उतारा वाचून होतो न होतो तोच ‘मला असं वाटतं’ची फेरी सुरू होते आणि पुस्तक मिटलेलंच राहतं. कुठे बाप्तिस्म्यावरून दोघांची जुंपते आणि पुढच्या आठवड्यात त्यातला एक येत नाही.

या सगळ्याचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं: क्रम मोडतो. आधी काय लिहिलंय ते बघायचं, मग त्याचा अर्थ काय ते शोधायचं, आणि शेवटी आपण काय करायचं ते बोलायचं. आपण तिसऱ्या पायरीवर उडी मारतो आणि पहिल्या दोन वाऱ्यावर सोडतो. खालची पद्धत हा क्रम सांभाळण्यासाठी आहे. उदाहरणाला सगळीकडे मार्क ४:१-२०, म्हणजे चौथ्या अध्यायातली पहिली वीस वचनं (क्रमांक दिलेली वाक्यं) घेतली आहेत. त्यात येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला, म्हणजे बोधकथा आहे. वाचताना तो उतारा उघडा ठेवा.

## १. माणसं, दिवस आणि जागा

सहा ते दहा जण बरे. चारपेक्षा कमी असले तर प्रत्येकावर बोलायचं दडपण येतं. बारा झाले की तिघे बोलतात आणि नऊ जण ऐकतात.

दिवस ठरवताना आधी नळाचं वेळापत्रक बघा. आपल्याकडे रोज पाणी येत नाही, आणि ज्या संध्याकाळी त्या गल्लीत पाणी येणार त्या संध्याकाळी घरातल्या बायका येऊ शकत नाहीत. मग गट आपोआप पुरुषांचा होतो आणि ‘भगिनींना रस नाही’ असा शेरा मारून सगळे मोकळे होतात. पाळीवर जाणारी माणसं असतील तर त्यांची पाळी कधी बदलते तेही विचारून घ्या. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत गावभागातल्या घरी सभा ठेवू नका. तिथवर पोहोचण्यातच सगळे दमतात. एप्रिल-मे महिन्यात दिवस मावळल्यावर गच्चीवर बसलेलं बरं.

सतरंजीवर गोल बसा. गुडघेदुखीवाल्या आज्जींना खुर्ची द्या, पण अभ्यास चालवणाऱ्याने खुर्ची घेऊ नये. एक जण उंचावर आणि बाकीचे खाली बसले की त्या खोलीचं देऊळ-चर्च होतं आणि कोणी तोंड उघडत नाही.

खाण्याचं आधीच ठरवून टाका: चहा आणि बिस्किट, तेही सभा संपल्यावर. एका घरी शेंगाचटणी आणि कडक भाकरी झाली की पुढच्या घरी पुलाव होतो, आणि तिसऱ्या घरची माणसं ‘आमच्याकडे नको’ म्हणू लागतात. ऐपतीवरून गट फुटायला एवढं पुरतं.

सावधान: सुरू व्हायची वेळ सगळेच सांगतात, संपायची कोणी सांगत नाही. दोन्ही सांगा. दीड तास पुरे. ज्या बाईला घरी जाऊन भाकऱ्या थापायच्या आहेत, तिचं लक्ष साडेआठनंतर उताऱ्यात नसतं.

## २. उतारा निवडणं

दर आठवड्याला सुचेल तो उतारा घेऊ नका. एक पुस्तक घ्या आणि ते क्रमाने संपवा. नव्या गटाला मार्काचं शुभवर्तमान सोयीचं: सोळाच अध्याय आहेत आणि घटना भराभर घडतात. सुरुवातच प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाने करायचा मोह अनेकांना होतो, कारण त्यावर गप्पा रंगतात. पण जुना करार नीट न वाचलेल्या गटाच्या हाती तिथे फक्त तर्क लागतात.

क्रमाने जाण्याचा मोठा फायदा असा की चालवणाऱ्याला कोणावर नेम धरून उतारा निवडता येत नाही. गटात एकाने कर्ज काढलं आणि त्याच आठवड्यात कर्जावरचं वचन आलं, तर माणसं समजायचं ते समजतात.

एका बैठकीला पंधरा ते वीस वचनं ठीक. अध्याय संपतो तिथेच थांबायची गरज नाही. गोष्ट किंवा मुद्दा पुरा होतो तिथे थांबा. मार्क ४ मध्ये दाखला तिसऱ्या वचनापासून नवव्यापर्यंत आहे आणि त्याचं स्पष्टीकरण विसाव्या वचनाला संपतं. नवव्याला थांबलात तर स्पष्टीकरण पुढच्या आठवड्यावर जातं आणि या आठवड्यात प्रत्येक जण आपापलं स्पष्टीकरण करतो.

तपासा: मोठ्याने वाचायला कोणतं भाषांतर वापरायचं ते ठरलं आहे का? एकाच्या हातात बायबल सोसायटीचं जुनं पुस्तक, दुसऱ्याच्या हातात फोनवरचं वेगळं भाषांतर असेल तर बरोबरीने वाचताना गोंधळ उडतो. वाचन एकातून करा, बाकीची जवळ ठेवा. तेलुगू किंवा कन्नड बायबल वाचणारे असतील तर त्यांनी ते जरूर आणावं आणि बोलताना अडलं तर आपल्या भाषेत बोलावं. शेजारचा कोणीतरी सांगतोच. कॅथलिक घरातले पाहुणे येत असतील तर त्यांच्या बायबलमध्ये ७३ पुस्तकं असतात आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६, हे चालवणाऱ्याला ठाऊक असावं. नाहीतर ‘हे पुस्तक आमच्यात नाहीच’ यावर संध्याकाळ जाते.

## ३. चालवणाऱ्याची तयारी

सगळ्यात जास्त कामचुकारपणा इथे होतो. शनिवारी रात्री एखादा व्हिडिओ बघून रविवारी तोच बोलून दाखवणं म्हणजे तयारी नव्हे.

पहिलं वाचन: उतारा मोठ्याने, सलग, दोन-तीनदा वाचा. भाष्यग्रंथ अजून उघडू नका.

दुसरं वाचन: आधीचा आणि पुढचा अध्याय वाचा. मार्क ३ च्या शेवटी येशूची आई आणि भाऊ बाहेर उभे राहून त्याला बोलावतात, आणि देवाच्या इच्छेप्रमाणे करणारी तीच माझी माणसं, असं तो म्हणतो. लगेच पेरणाऱ्याचा दाखला येतो. ऐकून पुढे काय करता, हा प्रश्न आधीच्या अध्यायापासूनच चालू आहे, हे हा शेवट वाचल्याशिवाय कळत नाही.

तिसरं वाचन: पेन्सिल घेऊन. कोण, कुठे, केव्हा, कोणाशी बोलतंय याच्या खुणा करा. दाखला सांगितला तेव्हा येशू नावेत होता आणि गर्दी किनाऱ्यावर. प्रश्न विचारला गेला तो मात्र एकांतात, आणि विचारणारे बारा शिष्य आणि त्यांच्यासोबतचे लोक होते.

मग प्रश्न लिहा. दहा पुरेत. ‘येशू महान शिक्षक होता ना?’ याला ‘हो’ याशिवाय उत्तर नाही. ‘यातून आपण काय शिकलो?’ हा इतका मोठा प्रश्न आहे की सगळे खाली बघतात. चांगल्या प्रश्नाचं उत्तर बोट ठेवून दाखवता येतं. बी किती ठिकाणी पडलं? प्रत्येक ठिकाणी ते कुठवर वाढलं? पक्षी, ऊन आणि काटे यांचा अर्थ येशूने स्वतः काय सांगितला?

शेवटी भाष्य उघडा, तेही जिथे अडलं असेल तिथेच. आधी उघडलंत तर सभेत तुम्ही प्रश्न विचाराल आणि मनात एकच उत्तर धरून बसाल. समोरच्यांना ते लगेच कळतं. मग ते अभ्यास सोडतात आणि तुमच्या मनातलं ओळखायला लागतात.

सावधान: प्रत्येक उताऱ्यात एखादं अवघड वचन असतं. इथे ते बारावं आहे: लोकांनी पाहूनही त्यांना दिसू नये, ऐकूनही समजू नये. हे जुन्या करारातल्या यशया या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातून आलं आहे. तो भाग आधी वाचून ठेवा. त्यावर विद्वानांतही मतभेद आहेत, त्यामुळे सभेत त्याला दहा मिनिटांची मर्यादा घाला.

## ४. सुरुवात: दहा मिनिटं

एक गीत, एक छोटी प्रार्थना. तीन गीतं झाली की वाजवणाऱ्याला चौथं सुचतं आणि अर्धा तास संपतो. नवा कोणी आला असेल तर नाव विचारा, ‘सलाम’ म्हणा आणि त्याला तिथेच आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला लावू नका.

गटाचे नियम दोनच, आणि महिन्यातून एकदा तरी बोलून दाखवा: इथे सांगितलेलं बाहेर जाणार नाही, आणि मत मांडताना वचनावर बोट ठेवायचं.

## ५. वाचन: दहा मिनिटं

उतारा दोनदा वाचा, दोन वेगळ्या आवाजांत. एकेक वचन वाटून वाचायची पद्धत सगळीकडे आहे. ती मला पटत नाही. प्रत्येक जण आपली पाळी येईपर्यंत आपलंच वचन मनात घोकत राहतो आणि गोष्टीचे तुकडे होतात. वाचता न येणारी किंवा चष्मा विसरलेली माणसंही उघडी पडतात. ज्याला नीट वाचता येतं त्याने सलग वाचावं. दुसऱ्या वेळी बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकलं तरी चालेल. हा दाखला आधी ऐकणाऱ्यांसाठीच सांगितला होता.

## ६. काय लिहिलंय: वीस मिनिटं

या वीस मिनिटांत एकच काम करायचं: पानावर जे आहे ते सांगायचं. अर्थ, अनुभव, बोध सगळं नंतर.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात गटाला काय काय दिसावं? वाटेवरचं बी उगवतच नाही. खडकाळीवरचं उगवतं पण करपतं. काट्यांतलं वाढतं पण फळ देत नाही. म्हणजे प्रत्येक ठिकाणी बी आधीपेक्षा एक पायरी पुढे जातं. चारही ठिकाणचे लोक देवाचं वचन ऐकतात. फरक ऐकल्यानंतर पडतो. चांगल्या जमिनीतही पीक सारखं नाही: तीसपट, साठपट, शंभरपट.

गटाचं खरं मोल इथे कळतं. एकट्याने वाचणाऱ्याला जे दिसत नाही ते दुसऱ्या कामातल्या माणसाला दिसतं. मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी पाहिलेला माणूस पटकन विचारेल, ‘पाभरीने पेरलं तर बी ओळीत पडतं. मग वाटेवर गेलं कसं?’ प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण इथला पेरणारा हाताने बी फेकत चालला आहे. तोच माणूस पाचवं-सहावं वचन पुस्तकाशिवाय समजावून सांगेल: मुरमाड जमिनीत कोंब लवकर तरारतो, पण खाली ओल धरायला माती नसते, ऊन चढलं की माना टाकतो. एखादं भाष्य चाळून हे इतकं लख्ख कळणार नाही.

आणि इथेच गाडी रुळावरून घसरते. जमिनीवरून पीकविम्यावर, पीकविम्यावरून उजनीच्या पाण्यावर. हे थांबवायला रागवायची गरज नाही. एवढंच विचारा: ‘मामा, हे कितव्या वचनात आलंय?’ सगळे हसतात आणि पुस्तकात परत येतात.

तपासा: वीस मिनिटांनी प्रत्येकाने निदान एक गोष्ट वचन क्रमांकासह सांगितली का? नसेल तर पुढे जाऊ नका. गप्प असलेल्यांना नाव घेऊन सोपा प्रश्न द्या. ‘आज्जी, पक्षी कितव्या वचनात आले, बघा की.’

## ७. अर्थ काय: वीस मिनिटं

आता ‘का’ विचारायचं. पण उत्तर आधी त्याच उताऱ्यात शोधायचं, मग त्याच पुस्तकात, मग बाकीच्या बायबलमध्ये. हा क्रम उलटा झाला की एका वचनावर दुसरीकडची पाच वचनं आदळतात आणि हातातला उतारा हरवतो.

नेहमीची चूक शंभरपटीची. कोणीतरी म्हणतंच, ‘देवाच्या कामात शंभर रुपये पेरा, दहा हजार मिळतील.’ चालवणाऱ्याने वाद घालू नये. चौदावं वचन वाचायला सांगावं. तिथे पेरलं जातं ते देवाचं वचन, पैसे नव्हेत. मग एकोणिसावं वाचायला सांगावं: संसाराची चिंता, द्रव्याचा मोह आणि इतर गोष्टींचा लोभ यांनीच ते वचन गुदमरतं. ज्या उताऱ्यात पैशाचा मोह काट्यांच्या बाजूला आहे, त्यातून पैशाचं आश्वासन काढणं किती उफराटं आहे, हे मग कोणी न सांगता कळतं.

अशी सुटी काढून वापरली जाणारी काही वचनं गटात वारंवार येतात. ती आधीच तपासून ठेवा:

- यिर्मया २९:११, ‘तुमच्या भल्याचे संकल्प’. हे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे, आणि आधीच्याच वचनात सत्तर वर्षांची मुदत आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी निकालाची हमी म्हणून ते वापरता येत नाही.
- फिलिप्पैकरांस ४:१३, ‘मी सर्व काही करण्यास शक्तिमान आहे’. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे, आणि आधीच्या दोन वचनांत तो भूक आणि तृप्ती, विपुलता आणि टंचाई या दोन्हींत राहायला शिकल्याचं सांगतो.
- दुःखात सापडलेल्या ईयोबाला त्याच्या मित्रांनी ऐकवलेली वचनं. ऐकायला ती फार शहाणी वाटतात. पण ईयोब ४२:७ मध्ये देव अलीफजला सांगतो की तू आणि तुझे दोन मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. त्यांचं वचन उचलण्याआधी कोण बोलतंय ते बघा.

सावधान: आजारी माणसासमोर ‘कुठलं तरी पाप असणार’ असं कोणी बोललं तर ते तिथेच अडवा. योहान ९ मध्ये शिष्य जन्मांधाबद्दल नेमकं हेच विचारतात, आणि येशू ते कारण नाकारतो. हा मुद्दा ‘नंतर बघू’ म्हणून सोडायचा नाही. तो माणूस पुढच्या आठवड्यात आलाच नाही तर सांगणार कोणाला?

बाळाचा बाप्तिस्मा की मोठेपणीचा, प्रार्थनेत आत्म्याच्या प्रेरणेने ‘अन्य भाषा’ बोलाव्यात की नाहीत, असले वाद उताऱ्यात नसताना उपटले तर वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि चर्चच्या पाळकांना विचारा. खरोखर विचारा मात्र. लिहून विसरलात तर दुसऱ्यांदा कोणी लिहू देणार नाही.

## ८. आपण काय करायचं: पंधरा मिनिटं

इथे एकच कडक नियम: प्रत्येकाने स्वतःबद्दल बोलायचं. ‘आजकालची तरुण पिढी काटेरी जमीन आहे’ हे चालणार नाही. ‘आमच्या सूनबाई खडकाळ जमीन आहेत’ हे तर मुळीच नाही, कारण सूनबाई बहुधा समोरच बसलेल्या असतात.

सासू-सून किंवा नवरा-बायको एकाच गटात असतील तर या पंधरा मिनिटांपुरते दोन-तीन जणांचे छोटे गट करा आणि त्यांना वेगवेगळं बसवा. वर्षभर गप्प असलेली सून तिथे बोलते. एवढ्या एका बदलाने गटाचा रंग पालटतो.

‘मी जास्त प्रार्थना करीन’ हे उत्तर घेऊ नका. एकोणिसाव्या वचनातल्या तीन काट्यांपैकी तुमच्याकडे कोणता, आणि येत्या गुरुवारपर्यंत त्याचं काय करणार, असं विचारा. कोणाला सांगायचं नसेल तर जबरदस्ती नको. वहीत लिहिलं तरी चालेल.

## ९. प्रार्थना: पंधरा मिनिटं

प्रार्थनेच्या विनंत्यांतून चहाड्या फार सफाईने पसरतात. ‘अमक्याच्या मुलीसाठी प्रार्थना करा, तिचं काय चाललंय तुम्हाला माहीतच आहे’ असं कोणी सुरू केलं तर तिथेच सांगा: विनंती स्वतःपुरती, किंवा ज्याच्यासाठी आहे त्याची परवानगी घेऊन. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आजाराचे रिपोर्ट, घरगुती भांडणं, कोर्टाच्या तारखा टाकू नका. तो ग्रुप वेळ, घर आणि उतारा कळवण्यापुरता ठेवा.

प्रार्थना छोट्या असाव्यात. लांब प्रार्थना करणारे एक-दोघे असतातच. त्यांना सुरुवात करायला सांगू नका, शेवट करायला सांगा. घड्याळ आपलं काम करतं.

## अडचणी आणि त्यावर काय करावं

एकच जण बोलतो. ‘मामा, तुमचा मुद्दा धरून ठेवतो, आधी अजून दोघांचं ऐकू.’ पुन्हा झालं तर सभेनंतर एकट्याला गाठून सांगा. त्याला काम द्या: वेळ बघणं, किंवा गप्प माणसांना प्रश्न विचारणं.

कोणीच बोलत नाही. प्रश्न विचारल्यावर मनात पंधरापर्यंत मोजा. बहुतेक चालवणारे पाचाला घाबरतात आणि स्वतःच उत्तर देतात. दोनदा असं झालं की गट शिकतो: थांबलं की उत्तर आयतं मिळतं.

पाळकसाहेब आले. सगळ्यांच्या नजरा तिकडे वळतात आणि चर्चा संपते. त्यांना आधीच विनंती करा की पहिली चाळीस मिनिटं ऐकावं आणि अर्थाच्या भागात शेवटी बोलावं. बहुतेकांना ते आवडतं. रविवारचा संदेश लोकांपर्यंत किती पोहोचला ते त्यांना इथेच कळतं.

उत्तर येत नाही. ‘बघून पुढच्या वेळी सांगतो’ म्हणा, लिहून घ्या आणि पुढच्या वेळी पहिल्या पाच मिनिटांत सांगा. फोनवर तिथल्या तिथे शोधायला लागलात की सगळेच फोन काढतात.

गट वाढला. बारा झाले की दोन गट करा. त्यासाठी दुसरा चालवणारा आधीच तयार हवा. त्याला एकदम दीड तास देऊ नका. महिनाभर फक्त सहावा टप्पा चालवू द्या, मग सातवा. घरी जाताना त्याला एकच विचारा: आज तू किती बोललास आणि गट किती बोलला?

पुढच्या बैठकीला मार्क ४:२१-३४ येईल. त्यात दिवा, माप, आपोआप वाढणारं बी आणि मोहरीचा दाणा असे चार तुकडे आहेत. चारही एका संध्याकाळी झेपत नाहीत. २१-२५ एका आठवड्याला घ्या आणि २६-३४ दुसऱ्या.